लोहचुंबक

खिशात लोहचुंबक घालून मी निपाणीला जातो,
घरात सांगतो, संकेश्वरला एकाकडे बेअरिंग बघायचंय.
तीन रविवार झाले. एवढी बेअरिंगं
उद्यमबागेतल्या सगळ्या लेथना मिळून लागत नसतील.

त्रिशलाताई वखारीचं दार ढकलतात.
आधी तंबाखूचा वास येतो, मग अंधार, मग ती:
सायीच्या रंगाची, लांब, दोनच दारांची मर्सिडीज,
कापडी छत मागे दुमडलेलं,
जणू कुणी बाई पदर खाली घेऊन
वाऱ्याला बसलीय, आणि आम्ही न विचारता आत शिरलो.
सासऱ्यांनी घेतली, तंबाखूला भाव होता त्या साली.
"चार वराती, दोन निवडणुका," ताई म्हणतात,
"आणि एकदा आत्याबाईंना मिरजेला, दवाखान्यात. बास."

मी चुंबक काढतो.
बॉनेटवर टक्. धरलं.
डाव्या दारावर टक्. धरलं.
मागच्या चाकावर पत्रा आरशासारखा,
तिथं मात्र ते घसरून हातात येतं.
खाली लोखंड नाही, पुट्टी आहे.
चाळीस वर्षं ओतकाम केलेल्या माणसाला
गुळगुळीत जागेचीच भीती वाटते.

दस्तगीर मिस्त्री गाडीखालून निघतो, दाढीत तंबाखूचा चुरा.
"बेड अण्णा," म्हणतो, आणि मग मराठीत,
"इंजन सोनं हाय बघा. पण हे सोनं रोज भाकरी मागतंय.
छताचं कापड जर्मनीचं. रबर तिकडचंच.
वर पाटी कोल्हापूरची.
बेळगावात हिला आपली करून घ्यायची म्हंजे..."
पुढचं तो बोलत नाही. आम्ही दोघं हसतो.
इथं जन्मलेल्याला ते सांगावं लागत नाही,
कुणाला आपलं म्हणायला किती कागद लागतात.

रात्री चलनाच्या पाठीवर बेरीज.
गाडी नऊ लाख. छत. चार टायर. कर.
खाली येईल तसं अक्षर बारीक होत जातं.
मग वजाबाकी:
पावसाचे चार महिने छत बंद.
ऊस सुटला की ट्रॉल्यांची धूळ, बंद.
एप्रिल-मे, माझं टक्कल, बंद.
उरतात जानेवारीचे काही रविवार,
सकाळी सात ते साडेनऊ,
काकतीपासून वंटमुरीच्या घाटापर्यंत.
एक सकाळ कितीला पडते, ते काढलं नाही.

शालनला चलन सापडलं.
"वरनं उघडी?"
"हो."
"मग आपली लुना काय वाईट होती?"

खरं तर मला गाडीनं पकडलंच नव्हतं.
पकडलं ते उजव्या दाराच्या काचेच्या मुठीनं.
मोडलेली. बोटाएवढी.
जर्मनीत मिळत नाही म्हणे आता.
मी तिथंच उकिडवा बसून माप घेतलं,
आणि झोपेत वाळूत साचा दाबत राहिलो.
सोमवारी सगळे गेल्यावर मूठभर पितळ ओतलं.
मल्लाप्पा तेवढा मागे राहिलेला. "यार पार्टी, मालक?"
"सुम्म," म्हटलं.
त्यानं कानस घेतली आणि कडा मारून दिल्या.

चौथ्या रविवारी मूठ बसवली.
काच अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली,
वर जाईना, खाली येईना.
त्रिशलाताई म्हणाल्या, इचलकरंजीचा एकजण साडेआठ म्हणतोय, रोख.
तुमचं काय ठरूलालंय?
"पुढच्या आठवड्यात सांगतो," मी म्हणालो,
आणि मुठीचे पैसे घेतले नाहीत.

हत्तरगीच्या टोलनाक्यावर सुट्ट्यांसाठी खिशात हात घातला.
चुंबक नाही.
डाव्या दारावर राहिलं असणार,
जिथं ते धरतं.
मागचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

घरी शालननं ताट वाढलं, पाणी ठेवलं,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"मिळालं काय बेअरिंग?"