खोली नंबर चार

रेडिएटरजवळची खुर्ची माझी. एकवीस वर्षं.
समोर चित्र, सन अठराशे एकाहत्तरचं:
करडा समुद्र, धक्क्यावर सात बायका पाठमोऱ्या,
मागे चिमण्या, धूर,
आणि लांबवर होडी, नखाएवढी.
खाली पितळी पाटी: ‘परतीची होडी’.
दर सोमवारी ती मीच पुसते.

लोक येतात. बहुतेक बाहेर पाऊस असतो म्हणून येतात,
ओल्या कोटांचा वास घेऊन.
चित्रापाशी अकरा सेकंद थांबतात, मी मोजलंय,
मग टॉयलेट कुठे म्हणून विचारतात.

लीड्सहून आलेला एक प्राध्यापक
उजेडावर पाऊण तास बोलला.
बायकांकडे त्याने बघितलंच नाही.

इस्पितळातली एक नर्स मात्र दुपारच्या सुट्टीत यायची,
डावीकडून तिसरीच्या मागे उभी राहायची,
खिशातलं सँडविच चोरून खायची.
मी बघून न बघितल्यासारखं करायचे.
एकदा म्हणाली, हिचे पाय ठणकतायत,
बघा ना, भार कसा एकाच पायावर टाकलाय.

टिल्डा नावाच्या मुलीला कुत्रा सापडला.
पिंपामागे नुसतं शेपूट.
सोळा वर्षं मी समोर बसून, मला नाही सापडला.

मी होडीच बघायचे.
जवळ येतेय असं वाटायचं,
हिवाळ्यात, चार वाजता, दिवे लागायच्या जरा आधी,
तेव्हा तर नक्कीच.

मग मार्चमध्ये थर्केल आला.
ऐंशीच्या पुढचा, जन्म ट्रॉलरवर गेलेला,
उजव्या हाताला दोन बोटं कमी.
नाक चित्राला टेकेल इतका पुढे गेला.
म्हटलं, आजोबा, दोरीच्या मागे व्हा.
तो हलला नाही.
‘धूर बघ पोरी. समुद्राकडे चाललाय.
शाली समुद्राकडे उडतायत.
वारा जमिनीवरून सुटलाय आणि शीड पोटभर भरलंय.
ही येत नाही.
ही चाललीये.’
मग जरा थांबून:
‘आणि आपल्याकडची बाई कधी हात हलवते का?
चित्रकार लंडनहून रेल्वेने आला असणार.’

खरंय. आमच्या गल्लीत कुणी हात हलवत नसे.
होडी निघायच्या दिवशी आई कपडे धूत नसे.
धुतले तर माणूसही धुऊन जातो म्हणे.
बाटल्यांची पिशवी खांद्यावर टाकून
बाबा दारात फक्त ‘येतो’ म्हणायचे,
टोपी सारखी करायचे,
आणि आई मागे वळून चूल बघायची.

त्या जानेवारीत मी सहा वर्षांची.
वरच्या खिडकीत, पडद्याच्या मागे.
मी हात हलवला होता.
नीट, तीनदा.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही,
आईला तर नाहीच,
ती गेली तेव्हाही नाही.

थर्केलचं म्हणणं मी क्युरेटरना सांगितलं.
मिस्टर पेनहॅलो हसले, भले गृहस्थ आहेत,
म्हणाले, छान निरीक्षण, फाइलला लावू.
फाइल कुठली ते मी विचारलं नाही.

त्यानंतर रोज हात मोजते.
सहा वर आहेत.
उजवीकडची शेवटची,
तिचे कोपर बाहेर आलेत, हात पुढे,
अॅप्रनमध्ये घट्ट गुंडाळलेले असावेत.
थंडीने असेल.
किंवा ती एकटी इथली असेल,
बाकीच्या सहा चित्रकाराने उभ्या केल्या असतील,
तासाचे पैसे देऊन.
थर्केलला दाखवायची होती. तो परत आला नाही.

पाटी अजून तीच आहे.
सोमवारी पॉलिश जरा जास्त लावते,
पहिल्या शब्दावर जरा जास्त घासते.
अक्षरांच्या कडा गेल्यात.
अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.