दोन एन

शारजात, इंडस्ट्रियल एरिया दहामध्ये
पितळेवर नाव कोरतोय.
उद्या समारंभ,
आफ्रिकेतल्या लेखकांचं बक्षीस,
पहिलं एका बाईला.

न्नाबुकेन्या.
सुरुवातीलाच दोन एन.
शेठ म्हणाला, टायपिंगची चूक. एक उडव,
जागाही वाचेल.

मी मशीन थांबवलं.
गेटवरचा सेबुन्या तिच्याच मुलखातला,
चहा घेऊन आला, कागद बघितला.
चूक नाही, म्हणाला.
जीभ दातामागे टेकव. थांब जरा.
मग सोड.

थांबलो. सोडली.
तो हसला: हां, आता ती वळून बघेल.

माझ्या लेबर कार्डावर धुळपचा दुलाप झाला
त्याला अकरा वर्षं झाली.
ळ कुणाला सांगायचा इथे?

दोन्ही एन कोरले, दाटीवाटीने,
एसटीत सरकून तिसऱ्याला जागा देतात तसे.
शेठला सकाळी दिसेल. दिसू दे.

पुस्तक कसलं, ठाऊक नाही.
जेवताना नखात पितळेचा कीस चमकला.
सेबुन्याला म्हटलं, आता तू म्हण:
धुळप.

तीनदा चुकला.
चौथ्यांदा मी ओ दिली.