रकाना चौथा

बर्फाच्या फॅक्टरीत मी हिशेब लिहितो.
रकाने भरायची हाताला सवय आहे,
तरी हा अर्ज तीन दिवस टेबलावर पडून.
तीन प्रती, मध्ये कार्बन.
कागदाची इथे टंचाई नाही.

टंचाई होती त्या रात्री, दोन वाजून दहा मिनिटांनी.
मोतीराममामा दोन्ही हातांनी छाती धरून
दवाखान्याच्या बाकावर बसला होता,
आतली वस्तू कोणी पळवून नेईल असा.
'रापण ओढताना लचाकला आसतला,' म्हणाला,
'उगीच सगळ्यांची झोप मोडलास.'

सिस्टर खिल्लारेंनी चिमटे लावले
मनगटांना, घोट्यांना.
मशीन गुरगुरलं, हिरवा दिवा लागला,
आणि कागदाचा रोल संपलेला.
मामाचं काळीज जे काही सांगत होतं
ते मशीनने ऐकलं,
लिहून मात्र घेतलं नाही.

समोर फळा. पांढरा रंग, सुबक अक्षर.
फिजिशियन : रिक्त
भूलतज्ज्ञ : रिक्त
क्ष-किरण तंत्रज्ञ : प्रतिनियुक्तीवर
पेंटरने 'रिक्त'चा र सगळीकडे सारखाच काढलाय,
छापा केला असेल.

सव्वीस खाटा, सिस्टर एक.
अँब्युलन्स बाळंतीण घेऊन ओरोसला.
कोपऱ्यातली म्हातारी सलाइन उपटून घरी निघालेली,
तिला एका हाताने धरून
खांद्यात फोन दाबून सिस्टर कुणाला तरी
'सर, उचला ना सर' म्हणत होत्या,
उचलण्याआधीच.
मामाच्या जिभेखाली गोळी त्यांनीच ठेवली.
'बोलू नका हो काका, गप पडून ऱ्हावा.'
'ही खयची गो?' मामाने तेवढ्यातही विचारलं.
'परभणीकडची.'
'लांब,' मामा म्हणाला.

शेवटी फोनमधून एक शब्द आला. बांबोळी.
आमच्याकडे दुखण्याची सगळी वाक्यं
याच शब्दाशी संपतात.

सुलेमान मुजावरने टेम्पोतल्या मासळीच्या पेट्या
रस्त्यावरच उतरवल्या.
बर्फाचा चुरा तळाला राहिला, आमच्याच फॅक्टरीचा.
कुडाळला मामा म्हणाला, 'पाठीक थंड लागता.'
झारापला म्हणाला, 'थंड.'
बांद्याला काही म्हणाला नाही.

पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसाने बॅटरी मारली,
खाली केली.
मग विचारलं, हळूच, पण विचारलंच :
'अलीकडे गेले, की पलीकडे?'
दाखला कुठल्या सरकारने द्यायचा
ते त्यावर ठरणार होतं.

तर, रकाना चौथा.
ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांचे नाव.
कोरा ठेवून चालत नाही, क्लार्क म्हणाला,
कोरा असला की अर्ज परत येतो.

त्या रात्री तिथे नाव असलेलं माणूस एकच होतं.
बाकी सगळी पदं होती.
'तिचाच घाल,' मामी म्हणते,
'कोणाक तरी इचारूक होया मा?'
मामीचंही खोटं नाही.
माझा पेन दोनदा 'खि'पर्यंत गेला.

काल कुडाळला गेलो होतो मोटरचा बेल्ट आणायला.
सर्जिकलच्या दुकानात दोन रोल घेतले.
बिल मागितलं नाही, मी, ज्याचा धंदाच बिलांचा.
रात्रपाळी त्यांचीच होती.
त्यांनी रोल बसवला, आणि चालतंय का बघायला
दुसरं कोण होतं,
स्वतःच्याच हातापायांना चिमटे लावून आडव्या झाल्या.

कागद सरकू लागला.
बारीक डोंगर, जवळजवळ उभे, घाईघाईने.
मला त्यातलं कळत नाही.
'लई पळतंय ओ,' त्याच म्हणाल्या,
पट्टी फाडली, घडी घालून
ड्रॉवरमध्ये मागणीपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली,
ज्यातल्या वरच्या तिघांवर 'प्राप्त'चा शिक्का मला वाचता आला,
आणि सात नंबरच्या खाटेकडे गेल्या,
तिथून कोणीतरी केव्हाचं हाक मारत होतं.