सेक्टर सातचं दार

अडतीस जीबी.
रात्री साडेदहाला लावलं,
सकाळच्या चहापर्यंत एकसष्ट टक्के,
मग वडगावात लाइट गेली.
आमच्या गल्लीत लाइट गेलेली दिसत नाही, ऐकू येते:
सगळे माग एकदम गप्प होतात
आणि कुणाच्या तरी घरातला कुकर
फार मोठ्यानं बोलतो.

किंमत नऊशे नव्व्याण्णव.
आई म्हणाली, "गेम हाय की तुझ्याकडं."
तोच आहे गं. त्याचा पुढचा तुकडा आलाय.
"म्हणजे साडी घेतल्यावर पदर वेगळा विकूलालेत?"
पाच साड्यांची मजुरी गेली होती तिची,
तरी हसलो. याहून नेमकं
कंपनीनंसुद्धा लिहिलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी मी आणि इराण्णा,
एक कॉम्प्युटर, पडदा मधोमध कापलेला,
वरचा अर्धा त्याचा.
भिंतीपलीकडं त्याच्या बापाचा माग,
त्या खटखटीत शत्रूची पावलं कधी ऐकूच आली नाहीत.
सावल्या बघून मारायला शिकलो.
मेनूत चौदा भाषा होत्या,
त्याची नव्हती, माझीही नव्हती.
शिव्या तेवढ्या दोन्हीतल्या.

आणि ते दार.
तिसरा भाग, सेक्टर सात, राखाडी,
वर लाल दिवा.
उघडत नाही. नुसतं चित्र असतंय रे ते, मी सांगितलं.
"भैरू, काहीतरी हाय आत."
दोन रविवार आम्ही त्या दारावर गोळ्या झाडल्या.
हातबॉम्ब संपवले, परत मागं जाऊन आणले,
एक मेलेला रोबोट ढकलत नेऊन आपटला.
गोळ्यांच्या खुणा उठायच्या
आणि दहा सेकंदांत पुसल्या जायच्या,
दाराला काही झालंच नाही असं.

आज दुपारी तीनला दिवा हिरवा होता.
मी थोडा वेळ उभाच राहिलो.
जुनी सवय, आत जायच्या आधी
एक गोळी मारली.

आत खोली. खुर्च्यांवर बर्फ.
भिंतीवर खिळ्यानं ओढलेल्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या.
टेबलावर रेकॉर्डर. बटण दाबलं.
दमलेली बाई बोलत होती:
एकोणिसावा दिवस. आजही पलीकडून कुणीतरी गोळीबार करतंय.
आपलीच माणसं. शत्रू एका दारावर
इतका दारूगोळा वाया घालवत नाही.
सगळ्यांना सांगितलंय, बसून राहा, उघडतील.

पुढची फीत छोटी होती:
एकविसावा दिवस.
गोळीबार थांबला.

हेडफोन काढला.
भिंतीपलीकडं आता माग नाही,
तिथं मांडववाल्याच्या प्लॅस्टिक खुर्च्या ठेवतात.

मला कळतं हे कसं करतात.
कुठल्यातरी ऑफिसात, कॉफी पीत, मागाहून लिहिलंय कुणीतरी.
आम्ही झाडत होतो तेव्हा आत कुणी नव्हतं,
आत फरशीसुद्धा नव्हती.
आधी गोळ्या, मग खोली, मग माणसं.
कळतं.
पण आम्ही थांबलो का, ते आठवत बसलो.
परीक्षा? त्याचा बाप ओरडला?
नाही. चौथ्या भागात
उडणारी गाडी मिळते असं कुणीतरी सांगितलं होतं.

इराण्णा आता बेंगळूरला पार्सलची गाडी चालवतो.
मेसेज टाकला: दार उघडलं.
चाळीस मिनिटांनी त्याचा आला:
"कुठलं?"
आणि लगेच दुसरा:
"आईच्यान! काय हाय रे आत?"

लिहिलं, खोडलं.
परत लिहिलं. खालून आई विचारत होती,
जेवलास का, काय करूलालास एवढा वेळ.

बंदूक, मी लिहिलं.
नवी. निळा जाळ येतोय तिच्यातनं.

"म्हटलेलो की नाही मी,"
इराण्णा म्हणाला,
"म्हटलेलो की नाही."