तिसरा प्लग

खाली थेंब नाही.
रात्रभर ओम्नीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला,
सकाळी पुठ्ठा कोरडा
आणि रेडिएटर बोटभर कमी.

दत्तोबा सासने म्हणाले, "पिती ती. पिऊ दे की.
दोन वर्सं झाली, रोज एक बाटली."
सीटमागं सहा बाटल्या, टोपणं सहा रंगांची.
पहाटे तीनला पेपरचे गठ्ठे घेऊन गारगोटीला निघतात,
मुदाळतिट्ट्यावर थांबतात,
एक चहा स्वतःला, एक बाटली गाडीला.

तिघांनी सांगितलं होतं, हेड गेलं.
अठरा हजार.
चौथी मी.

या दिवसांत उद्यमनगरात नाकावर विसंबता येत नाही.
कूलंटचा वास गोड,
आणि जानेवारीत गुऱ्हाळांकडून वारा सुटला
की अख्खी गल्लीच कुठंतरी गळतेय असं वाटतं.
अब्बासमामू ओळखायचे.
चाळीस वर्षांच्या खडखडाटात कान गेले त्यांचे,
नाक तेवढं शाबूत.
"गुळाचा वास पोटात उतरतो, मेहरून,
ह्याचा घशात अडकतो."
माझ्या घशात काही अडकत नाही.
मी पंप लावते.

इंजिन गार. टोपणाच्या जागी टेस्टर.
काटा चढवला आणि लाकडी ठोकळ्यावर बसून राहिले.
समोरच्या फाउंड्रीत एक ओतप झाली, दुसरी झाली.
काटा उतरत होता,
घाईनं नाही,
"निघतो आता" म्हणत बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा.
होज कोरडे. वॉटरपंप कोरडा. हीटरची नळी कोरडी.
डिपस्टिकवर तेल काळं, साय नाही.
मग प्लग काढले.
पहिला विटकरी.
दुसरा विटकरी.
तिसरा पांढरा,
ईदच्या आदल्या दिवशी घासलेल्या वाटीसारखा.

हेड शाबूत होतं.
मॅनिफोल्डच्या पोटातून पाणी फिरतं,
थंडीत पेट्रोल नीट उडावं म्हणून;
पाण्याची वाट आणि हवेची वाट, दोहोंच्या मधे
कागदाची एक पट्टी, माझ्या नखाएवढी रुंद.
ती तिथंच कुजली होती.
इंजिन श्वास ओढायचं
आणि श्वासाबरोबर एक घोट.
पांढरा धूर दूधगंगेच्या धुक्यात मिसळायचा,
पहाटे मागं वळून कोण बघतंय.

आधीच्या कुणीतरी सिलिकॉन थापलं होतं, श्रीखंडासारखं.
ते ब्लेडनं, मग रॉकेलच्या चिंधीनं, मग पुन्हा ब्लेडनं.
ॲल्युमिनियम मऊ असतं,
रागानं खरवडलं की ते लक्षात ठेवतं.
पट्टी आडवी धरून उजेड बघितला. उजेड आला नाही.

सोमवार. पार्टची दुकानं बंद.
मामूंच्या पेटीतून गास्केटची शीट काढली,
मॅनिफोल्डवर ठेवली
आणि गोल हातोडीनं कडांवर टकटक,
टकटक,
लोखंडाला विचारत विचारत त्याचा आकार मागून घेतला.
भोकं पंचनं. एक चुकलं. दुसरी शीट.
नट मधून बाहेर, थोडे थोडे, तीन फेऱ्या.
मामू असते तर म्हणाले असते, अजून अर्धा.
अर्धा नाही दिला.

हीटर उघडा ठेवून गाडी चालू केली,
बुडबुडे यायचे थांबेपर्यंत उभी राहिले.
टेस्टर पुन्हा.
काटा बसला तो बसलाच.
बिल सातशे, दोनदा मोजून घेतलं त्यांनी,
कुठं चुकून कमी लावलंय का म्हणून.

माणसांचंही असंच असतं,
असं मामू कधी बोलले नाहीत. मीही बोलणार नाही.

पंधरा दिवसांनी दत्तोबा आले. बॉनेट उघडलं,
पाणी होतं तिथंच होतं.
बाटल्या माझ्या फळीवर ओळीनं ठेवल्या, भरलेल्याच.
"झकास झालीया," म्हणाले,
आणि जाता जाता, रस्त्याकडं बघत,
"तिट्ट्यावर आता एकट्यालाच चा प्यावा लागतोय."