पाणी शिंपडल्यावर

कापडावर पाणी शिंपडायचं, इस्त्री टेकवायची.
वाफ उठते ती घराचं नाव सांगत उठते.
दाजी पेठेत एकवीस वर्षं झाली,
गठ्ठ्यांवर मी चिठ्ठी लावत नाही.

हिरेमठांच्या सदऱ्याला हिंग, तूप,
मागे विभूतीचा कोरडा भुरका.
बसुदेंचा रविवार मला सोमवारी कळतो,
कॉलरच्या घडीत लवंग, खसखस, मटणाचा रस्सा.
यंत्रमागावरच्या पोरांच्या शर्टांना
मशीनचं तेल, सुताची खळ,
आणि मे महिन्यात, पत्र्याखाली,
घामातून परत आलेली मिरची.
कांदा एक दिवस टिकतो.
मेथी दोन दिवस. धुऊनसुद्धा.

एकदा कोठाडियांच्या धाकट्याच्या शर्टाला
लसूण आला.
त्या घरात बटाटासुद्धा शिरत नाही.
मी ओलं फडकं टाकून पुन्हा दाबला,
पुन्हा आला.
आणि नुसता लसूण नाही, शेंगाचटणीतला,
उखळात कुटलेला, जरा जास्त तिखटाचा.
तो बसुदेंचा. मी शपथेवर सांगितलं असतं.
बसुदेंची थोरली तेव्हा कॉलेजात होती.
सांगितलं नाही कुणाला.
फक्त ते दोन गठ्ठे
फळीवर शेजारी ठेवायचे बंद केले.
पुढं दोघांनी कोर्टात लग्न केलं.
आता तिच्या ड्रेसला लसूण नाही.
त्याच्या शर्टाला अजून आहे.

गेल्या वर्षी बँकेत नवीन मॅडम आल्या,
राजापूरकडच्या. साड्यांना खोबरं, कोकम,
कधी सुक्या मासळीची एक रेघ.
दुसऱ्याच आठवड्यात चार साड्या परत घेऊन आल्या.
रागावल्या नाहीत.
“भाऊ, याला तंबाखूचा वास येतोय का बघा.”
मी नाकाला लावली.
सूत. कोळसा. पाणी.
आत जाऊन पुन्हा लावली.
काहीच नाही.

दुकानामागं एकच खोली.
नरसम्मा तिथं सूप मांडीवर घेऊन बसते,
हजार विड्या, गोणपाटात ओला तेंदूपत्ता,
चुलीवर चिंचेचं पुलुसु.
दोरीवर लोकांचे कपडे.
मी विचारलं, आपल्या घराला वास येतो का गं?
“एम् लेदु,” ती म्हणाली, काय नाही.
मग तळहात नाकाशी नेला.
साबणानं धुतला. मग लिंबानं.
दुसऱ्या दिवसापासून ती
सूप घेऊन उंबऱ्याबाहेर बसायला लागली, उन्हात.
मी तसं म्हटलं नव्हतं.
आत ये, असंही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर मेव्हण्याकडं भिवंडीला गेलो,
बारा दिवस. परत येऊन कुलूप काढलं,
दार ढकललं,
आणि कुणाचं तरी घर अंगावर आलं.
ओली पानं, तंबाखू, आंबट चिंच,
उशीला मुरलेलं खोबरेल,
कढईतली जुनी मोहरी.
पहिल्यांदा वाटलं, हे माझ्या गिऱ्हाइकांतलं नाही.
मागून नरसम्मा पिशव्या घेऊन आली,
“खिडकी उघडू का?”
“थांब जरा.”
पण चप्पल काढेपर्यंत गेलंच ते.
तिसऱ्या श्वासाला तर
नुसत्या चार भिंती.

सूप आता घरात आलंय. मीच उचलून आणलं.
मॅडमच्या साड्या रस्त्याकडच्या खिळ्याला टांगतो.
त्या नेतात, काही बोलत नाहीत.
परवा त्यांच्या निळ्या साडीच्या पदरावर
पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली,
आणि वाफेत शेंगाचटणी.
दोनदा हुंगून बघितलं.
कोकम होतंच, पण खाली गेलं होतं.