प्रियुसमधली बाई

किल्ली फिरवावी लागत नाही. बटण दाबलं
की ती बोलते,
स्वच्छ, मऊ, जरा घाईतल्या परिचारिकेसारखी.
नेरगुई मान लववतो. म्हणतो, "हो, निघतो."
अकरा वर्षं रोज हेच.

उलानबातर ते आरवाइखेर, चारशे तीस किलोमीटर.
मागे तिघं. पुढे डावीकडे मी,
जिथं आमच्या देशात चालक बसायला हवा.
मांडीवर कुणाचा तरी वाळवलेल्या दह्याचा डबा.
पडद्यावर नकाशा आहे, पण जपानचा.
आमचा बाण कोऱ्या पांढऱ्यावर चाललाय,
ना गाव, ना नदी, ना रस्ता.
"अगदीच खोटं नाही ते," नेरगुई म्हणतो
आणि हनुवटीनं बाहेर दाखवतो. बाहेरही पांढरंच.

रेडिओ नव्वदच्या पुढे जात नाही.
आमची बहुतेक स्टेशनं नव्वदच्या पुढे.
एक लागतं कसंबसं, शहराच्या वेशीपर्यंत.
मग खरखर.
मग खरखरही नाही.
"बापाच्या रशियन जीपला गोल खुंटी होती,
जाड हातमोज्यानं फिरायची.
उणे पस्तीस असो की मिट्ट काळोख,
बोटांना ठाऊक, बातम्या कुठे, कुस्ती कुठे.
ह्याला उघडं बोट लागतं.
उघडं बोट! जानेवारीत!"

मागून दुलमा सुनेच्या नव्या गाडीचं सांगते:
परातीएवढा पडदा.
पाय गारठले तर आधी एक चित्र दाबा,
मग त्याच्या पोटातलं दुसरं, त्याच्या पोटातलं तिसरं,
तोवर गाडी याकच्या अंगावर.
"पण लेकीचा सोलहून फोन येतो ना,
तेव्हा चारही दारांतून बोलते.
मी एकदा दार उघडून बघितलं."
कुणी हसलं नाही.

नेरगुईही कबूल करतो: मागचा कॅमेरा नसता
तर मागल्या एप्रिलात, राशांतला,
उंटाचं पिल्लू गेलं असतं.
धुराड्याच्या उबेला येऊन बसलेलं.
आधी पडद्यावर नुसते दोन कान दिसले.
"डोळा चांगला दिला त्यांनी. बाकी..."
बाकी त्यानं रस्त्यावर सोडून दिलं.

लुनला चहा. पुन्हा बटण, पुन्हा ती.
"तू निइगाताला होतीस ना तीन वर्षं?
सांग बघू, काय म्हणते?
आई गेली त्याच वर्षी गाडी घेतली.
मी निघालो की आई चाकांमागे दूध शिंपडायची.
मला वाटतं, हीही तसलंच काही म्हणत असणार.
सांभाळून जा, वगैरे."

मागे सगळे गप्प. दुलमा चघळायची थांबली.
मासळीच्या कारखान्यात तीन वर्षं
मी जपानीत खोटंच बोलले होते:
नाही, दमले नाही. हो, बोट बरं आहे.
त्या भाषेतलं पहिलं खरं
इथं, ह्या गाडीत, ह्या माणसाला सांगायचं होतं.
"म्हणते, कार्ड घातलेलं नाही.
टोलचं कार्ड. तिकडे लागतं."

त्यानं गाडी रस्त्यावर घेतली.
बराच वेळ फक्त टायरांचा आवाज.
"बंद करता येतं तिला," मी म्हटलं,
"मेनूत तिसऱ्या पानावर."
"असू दे."
आणखी दोन टेकड्या गेल्या.
"चूक नाही बोलत. काहीतरी राहतंच घालायचं."

खिंडीत दगडांचा ढीग, त्यावर निळी कापडं.
उतरून तीन प्रदक्षिणा घालायच्या असतात.
घाई असेल तर हॉर्न चालतो, तीनदा.
नेरगुईनं तळव्यानं दाबला,
हातमोज्यासकट.
तिन्ही वेळा पहिल्या दाबात वाजला.